डोंगर आणि धरणांच्या वाटेवर ऑफलाइन नकाशा: पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

गेल्या पावसाळ्यापासून या उन्हाळ्यापर्यंत छत्रपती संभाजीनगरहून निघणाऱ्या दोन दिवसांच्या सहली मी फोनमध्ये उतरवून घेतलेल्या ऑफलाइन नकाशावर आखत आलो आहे. ॲपचे नाव देत नाही, कारण या प्रकारच्या बहुतेक मोफत ॲपची सामग्री एकाच ठिकाणाहून येते आणि माझे निरीक्षण त्या सगळ्यांना थोड्याफार फरकाने लागू पडावे. माझा निष्कर्ष असा की ठिकाण कुठे आहे हे हा नकाशा उत्तम सांगतो, तिथे पोहोचायला किती वेळ लागेल हे सांगताना चुकतो आणि तिथे कधी जावे याबद्दल त्याच्याकडे काहीच नसते. हे ध्यानात ठेवून वापरला तर घाटाच्या आणि जलाशयांच्या मुलुखात याच्यासारखे साधन नाही.

ही सामग्री म्हणजे 2004 साली सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप हा जगभरच्या स्वयंसेवकांनी भरत नेलेला नकाशा. एकदा महाराष्ट्राचा भाग उतरवून घेतला की नेटवर्क असो वा नसो, रस्ते, पाणवठे, देवळे आणि पायवाटा दिसत राहतात. फोनमधला जीपीएस उपग्रहांचे संकेत थेट घेत असल्यामुळे स्वतःचे स्थान कळण्यासाठी मोबाइलच्या मनोऱ्याची गरज नसते. फक्त नेटवर्क नसताना पहिल्यांदा स्थान सापडायला काही मिनिटे लागू शकतात, म्हणून डोंगरात शिरण्याआधीच ॲप उघडून ठेवावे.

सुरुवात घराजवळच्या वाटांवर केली. म्हैसमाळ आणि शूलीभंजन हे रस्ते पाठ असल्याने तिथे नकाशा पारखून घेता आला. पुढे बीडकडे पालीजवळचा बिंदुसरा तलाव, मांजरसुंब्याचा घाट, कपिलधार आणि सौताड्याचा रामेश्वर अशी बालाघाटातली एका दिवसाची फेरीही त्यावरच आखली. सौताड्याला विंचरणा नदीचा धबधबा नकाशावर बारा महिने असतो, प्रत्यक्षात मात्र तो पावसाळ्यापुरताच. या साधनाचा खरा कस लागला तो भंडारदऱ्याच्या सहलीत, म्हणून तिच्याबद्दल विस्ताराने लिहितो.

आपल्याकडून जाणाऱ्यांनी पहिली काळजी घ्यावी ती गावांच्या नावांची. शोधपट्टीत ‘शेंडी’ लिहिले तर अहिल्यानगर शहराजवळची, आपल्याच रस्त्यावरची शेंडी पुढे येते. भंडारदरा धरणाच्या भिंतीजवळची शेंडी अकोले तालुक्यात आहे. ‘राजूर’ लिहिले की जालना जिल्ह्यातले राजूर गणपती दिसते आणि अकोल्याच्या पुढचे राजूर मागे राहते. इंग्रजी अक्षरांत अकोले लिहिताना शेवटचा स्वर चुकला तर गाडी थेट विदर्भाच्या दिशेने लागते. म्हणून मी नावावर विसंबत नाही. नकाशा हाताने सरकवून धरणापर्यंत जातो, हवी ती जागा बोटाने दाबून धरतो आणि तिथे माझी स्वतःची खूण करतो. रात्रीचा मुक्काम, इंधन, जेवण आणि पाहण्याची ठिकाणे यांच्या खुणांना वेगवेगळे रंग दिले की दिवसाचा आराखडा एका नजरेत दिसतो.

वाट निवडताना नकाशाने चांगली मदत केली. संभाजीनगरहून भंडारदरा दोनशे किलोमीटरांच्या आसपास आहे. एक वाट समृद्धी महामार्गाची आहे. भरवीर किंवा इगतपुरीला उतरून घोटी गाठायची आणि कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावावरून शेंडीला यायचे. दुसरी वाट नेवासा, श्रीरामपूर, संगमनेर, अकोले, राजूर अशी प्रवरेच्या खोऱ्यातून वर चढते. मी जाताना समृद्धी आणि येताना खोरे असा क्रम ठरवला, कारण जाताना लवकर पोहोचणे महत्त्वाचे असते आणि येताना रंधा धबधब्यासारखी ठिकाणे ओघाने वाटेतच लागतात. दुचाकीस्वारांना समृद्धीवर प्रवेश नाही, त्यामुळे त्यांनी दोन्ही वेळा खोऱ्याचीच वाट धरावी.

वेळेच्या अंदाजाबाबत मात्र माझी तक्रार आहे. ॲप रस्त्याच्या वर्गावरून वेग ठरवते, त्यामुळे नकाशात ज्याची नोंद गावरस्ता अशी आहे तो सपाट शेतातून जात असो की दरीच्या कडेने, हिशेब जवळपास सारखाच लागतो. वळणे, खड्डे, धुके आणि मध्येच रस्त्यावर बसलेली गुरे या हिशेबात नसतात. काही महिन्यांच्या वापरानंतर माझा ठोकताळा असा बसला आहे की समृद्धीवर ॲपचा वेळ जसाच्या तसा धरावा, राज्यमार्गावर त्यात पाव हिस्सा मिळवावा आणि जलाशयाभोवतीच्या रस्त्यावर तो सरळ दुप्पट करावा. तरीही आराखड्यात एक तास मोकळा ठेवतो, कारण पाणी दिसले की गाडीतले कोणी ना कोणी थांबायला सांगतेच.

समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा दाखवण्याची सोय आहे, ती अवश्य चालू करावी. या रेषा जिथे एकमेकींना चिकटतात तिथे चढ उभा असतो, हे शाळेच्या भूगोलात शिकलेले ज्ञान इथे पहिल्यांदा उपयोगी पडले. कळसूबाईच्या 1646 मीटर उंच शिखराच्या अंगाला आणि घाटघरच्या कोकणकड्याला त्या इतक्या दाट होतात की रेषा मोजताही येत नाहीत. रस्ता अशा पट्ट्यातून जात असेल तर तिथे अंधार पडण्याआधी बाहेर पडायचे, एवढे मी आखतानाच ठरवून टाकतो.

आता भंडारदरा धरणाच्या आर्थर जलाशयाच्या फेरीबद्दल, कारण नकाशासमोर निवांत बसल्याचा सगळ्यात मोठा फायदा इथे झाला. फेरी शेंडीहून दोन्ही बाजूंनी करता येते. मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, मुतखेल आणि परत शेंडी असे गेल्यास जलाशय सतत डाव्या हाताला राहतो. आपण रस्त्याच्या डावीकडून गाडी चालवत असल्यामुळे पाणी जवळच्या अंगाला येते आणि थांबण्यासाठी समोरून येणारी वाहने ओलांडावी लागत नाहीत. शिवाय सकाळी उत्तर काठाने पश्चिमेकडे जाताना ऊन पाठीशी असते आणि दुपारनंतर दक्षिण काठाने पूर्वेकडे परततानाही ते पाठीशीच राहते, त्यामुळे चालकाच्या डोळ्यांवर ऊन येत नाही आणि समोरचे डोंगर उजळलेले दिसतात. हेच गणित संभाजीनगर ते भंडारदरा या सगळ्या प्रवासालाही लागू पडते. मुंबईकरांना सकाळचे ऊन तोंडावर घेत यावे लागते, आपल्याला नाही. मराठवाडा पूर्वेला असण्याचा पर्यटनात मिळणारा हा एवढाच लाभ असावा!

या फेरीत रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिराला ऐसपैस वेळ द्यावा. साम्रदजवळची सांदण दरी पावसाळ्यात आखणीतून पूर्णपणे वगळावी, कारण त्या अरुंद घळीत पाणी वाढले तर बाहेर पडायला जागा नसते. नकाशावर मात्र तिथली पायवाट वर्षभर सारखीच दिसते.

पाण्याच्या पातळीबाबतही हीच अडचण आहे. नकाशा धरण पूर्ण भरलेल्या वेळचा काठ दाखवतो. जायकवाडी धरणाच्या नाथसागर जलाशयाच्या बाबतीत आपल्याला हे ठाऊकच आहे की उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते, आणि नकाशावर निळ्या दिसणाऱ्या भागात प्रत्यक्षात पिके उभी असतात. भंडारदऱ्याचेही तसेच. 1926 साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाचा जलाशय ऑगस्टनंतर काठोकाठ असतो, तर मे महिन्यात बराच खाली गेलेला असतो. मे अखेर आणि जूनच्या सुरुवातीला काजवे पाहायला जाणाऱ्यांनी भरलेल्या तलावाची अपेक्षा ठेवू नये. दोन्ही एका सहलीत मिळत नाहीत. पाण्यासाठी जायचे असेल तर सप्टेंबरचा उत्तरार्ध मला सर्वांत सोयीचा वाटला. तेव्हा पाणी भरपूर असते, धुके विरळ होऊ लागते आणि गर्दीही कमी झालेली असते. मराठवाड्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि घाटघरला तो काही हजारांत मोजतात, तेव्हा आपल्या पावसाच्या अनुभवावरून तिथल्या जुलैचा अंदाज बांधू नये.

परतताना प्रवरेच्या काठाने आल्यास नकाशावर एक गोष्ट सलग पाहायला मिळते. भंडारदऱ्याखाली निळवंडे धरण, मग अकोले, संगमनेर, नेवासा आणि शेवटी प्रवरासंगमला गोदावरी, तिथून नाथसागर. समन्यायी पाणीवाटपाच्या बातम्यांत दर दुष्काळी वर्षी ऐकलेली ही नावे अशी एका रेघेवर पाहिली की जायकवाडीत वरून पाणी सोडा म्हणजे किती लांबून सोडा, हे कळते. सहलीच्या आखणीशी याचा संबंध थोडाच आहे, पण गाडीत मुले असतील तर त्यांना ही रेघ दाखवावी.

उपकरणाबद्दल थोडेसे. जीपीएस आणि पडदा दोन्ही सतत चालू राहिल्याने बॅटरी भराभर उतरते, म्हणून गाडीतला चार्जर हवाच. एप्रिलच्या उन्हात काचेमागे लावलेला फोन इतका तापतो की पडदा मंद होतो आणि चार्जिंग थांबते. एसीच्या झोतासमोर लावल्यावर हा त्रास गेला. इंधन घोटी किंवा अकोल्यातच भरून घ्यावे. हा सगळा टापू कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा असल्याने वन विभागाच्या नाक्यावर प्रवेश शुल्क भरावे लागते. तिथे ऑनलाइन पैसे जातीलच याची खात्री नसल्याने सुटी रोकड जवळ असावी. नकाशात हे नाके नव्हते. मी ते खूण करून ठेवले आहेत.

ज्यांना फक्त एका ठिकाणी जाऊन परत यायचे आहे, त्यांना नेहमीचे ऑनलाइन ॲप पुरेसे आहे. वाहतूक कोंडीची माहितीही त्यातच मिळते, ऑफलाइन नकाशात नाही. दोन दिवसांत तीन-चार पाणवठे, एखादा घाट आणि एखादे देऊळ गुंफायचे असेल तर मात्र आदल्या आठवड्यात हा नकाशा घेऊन तासभर बसावे, वेळा वरच्या ठोकताळ्याने वाढवून कागदावर लिहाव्यात आणि तो कागद चालकाऐवजी शेजारी बसणाऱ्याच्या हाती द्यावा. नकाशाची फाइल निघण्यापूर्वी घरच्या वायफायवर अद्ययावत करून घ्यावी, कारण घोटीच्या पुढे ते जमेलच असे नाही.