वृद्धाश्रमात येऊन होणारं ‘अ‍ॅनिमिया पॅकेज’: घ्यावं का, आणि घेताना काय मागून घ्यावं

इंदुरातल्या एका लॅबची ही सेवा. सकाळी सातच्या सुमारास लॅबचा माणूस वृद्धाश्रमात येतो, आजी-आजोबांचं रक्त खाटेपाशीच घेतो आणि संध्याकाळपर्यंत रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. पॅकेजमध्ये सीबीसी (रक्तपेशींची मोजणी आणि हिमोग्लोबिन), सीरम आयर्न (रक्तातलं लोह), टीआयबीसी (रक्ताची लोह वाहून नेण्याची क्षमता), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि फॉलिक अ‍ॅसिड. माझं मत आधीच सांगतो: रक्त घेण्याचं काम चांगलं, तपासण्यांची निवड अर्धवट, आणि रिपोर्टखाली जो सल्ला छापून येतो त्याच्यावर कुणीही गोळी सुरू करू नये.

अशी सेवा मुळात हवीच. २००८ च्या एका आढाव्यात, वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांची सरासरी काढली तर, घरी राहणाऱ्या ६५ च्या पुढच्या लोकांत साधारण १२ टक्के अ‍ॅनिमिया होता आणि नर्सिंग होममध्ये राहणाऱ्यांत ४७ टक्के. आपल्याकडे २०१८ पासून ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ चालू आहे, पण त्याचे सहा लाभार्थी गट म्हणजे लहान मुलं, किशोरवयीन, प्रजननक्षम वयाच्या स्त्रिया, गरोदर आणि स्तनदा माता. म्हातारी माणसं त्यात नाहीत. त्यामुळे ‘वय झालं, थकवा यायचाच’ असं म्हणून सोडून दिलेला थकवा, चढ चढताना लागणारी धाप, वारंवार पडणं, हे सगळं वृद्धाश्रमालाच स्वतःहून तपासावं लागतं. पुरुषात हिमोग्लोबिन १३ च्या खाली आणि स्त्रीत १२ च्या खाली म्हणजे अ‍ॅनिमिया. वय ऐंशी असलं म्हणून ही रेघ खाली सरकत नाही.

आता रक्त घेण्याबद्दल, कारण अर्धे चुकीचे रिपोर्ट सुईपाशीच तयार होतात. या लॅबचा माणूस बटरफ्लाय (बारीक, पंखांची) सुई वापरतो, ते उत्तम. म्हाताऱ्या हाताची शीर दिसते ठसठशीत, पण बोट लावलं की बाजूला सरकते. म्हणून कातडी अंगठ्याने खाली ताणून धरावी लागते. दंडाचा पट्टा एका मिनिटाच्या वर बांधून ठेवला की रक्त तिथे घट्ट होतं आणि हिमोग्लोबिन आहे त्याहून जास्त दिसतं. ज्या हाताला सलाइन चालू आहे त्या हाताचं रक्त घेतलं तर उलट होतं, ते पातळ येतं. आधी सीरमची ट्यूब, मग सीबीसीची, जांभळ्या झाकणाची, हा क्रम पाळायचा. जांभळ्या ट्यूबमधलं रसायन सीरमच्या ट्यूबमध्ये गेलं तर पोटॅशियम वाढलेलं आणि कॅल्शियम घटलेलं दिसतं. जांभळी ट्यूब हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटीपालटी करायची, जोरात हलवायची नाही. अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल ही रक्त गोठू न देणारी औषधं चालू असतील तर कापूस निदान पाच मिनिटं दाबून धरायचा, चोळायचा नाही, आणि वर कागदी मायक्रोपोर लावायची. साधी चिकटपट्टी ओढताना कातडीच निघते. ट्यूबवर नाव खाटेपाशीच लिहायचं. एकाच खोलीत दोन कुलकर्णी आजी असतात, आणि गाडीत बसून लेबल लावली की घोटाळा ठरलेला.

खटकलं ते वेळेचं. सातची वेळ दहापर्यंत सरकते, आणि तोवर पोहे आणि चहा होऊन जातात. सीबीसीला त्याने काही बिघडत नाही, पण सीरम आयर्न दिवसभरात वरखाली होतं आणि खाण्याने बदलतं. ते सकाळी, उपाशीपोटी आणि निदान आदल्या दिवसापासून लोहाची गोळी बंद ठेवूनच घ्यावं. मे महिन्यात उशीर झाला तर आणखी एक त्रास: उन्हात ट्यूबचा डबा गाडीवर तासन्‌तास फिरला की पेशी फुटतात आणि फुगतात, एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) खोटा वाढतो. डब्यात आइस पॅक आहे का, हे डबा उघडून बघायला संकोच करू नये.

आणखी दोन गोष्टी लॅबने आधी विचारायला हव्यात आणि ती विचारत नाही. बी-१२ चं इंजेक्शन नुकतंच झालं असेल तर बी-१२ चा आकडा निरुपयोगी. आणि केसांसाठी किंवा ताकदीसाठी म्हणून बायोटिन (एक ब जीवनसत्त्व) असलेली कॅप्सूल चालू असेल तर कित्येक मशीनवर फेरिटिन खोटं कमी आणि बी-१२ खोटं जास्त येऊ शकतं. दोन-तीन दिवस आधी ती बंद करावी.

पॅकेजमध्ये नाही ते क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि सीआरपी (शरीरातल्या दाहाची तपासणी), आणि माझी मुख्य तक्रार हीच आहे. म्हातारपणीच्या अ‍ॅनिमियाचा ढोबळ हिशेब असा, की एक तृतीयांश अन्नघटकांच्या कमतरतेचा, एक तृतीयांश मूत्रपिंड आणि जुनाट दाहाचा, आणि उरलेल्याचं कारण सहज सापडत नाही. मधला हिस्सा ओळखायला लागणाऱ्या दोन स्वस्त तपासण्याच गाळल्या आहेत. हे किती महागात पडतं ते एका काल्पनिक रिपोर्टवर पाहा. वय ७८, हिमोग्लोबिन ९.८, एमसीव्ही ८८, आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारांतली तफावत) १७.५, फेरिटिन ६४, सीरम आयर्न ३८, टीआयबीसी २९०, बी-१२ १९०. एमसीव्ही आणि फेरिटिन यांच्यापुढे ‘नॉर्मल’ छापलेलं असेल आणि वाचणारा म्हणेल, लोह तर आहे. पण फेरिटिन दाहात वाढतं. गुडघे सुजलेत, पाठीला जखम आहे, सीआरपी वाढलेलं आहे, तर १०० च्या खालचं फेरिटिनही कमतरता लपवू शकतं. ३८ भागिले २९० केलं की सॅच्युरेशन (लोह वाहून नेण्याच्या क्षमतेपैकी किती भरलेली आहे ते) १३ टक्के येतं, २० च्या खाली, म्हणजे लोह कमी. बी-१२ सुद्धा कमी. लोहाच्या कमतरतेने पेशी लहान, बी-१२ च्या कमतरतेने मोठ्या, सरासरी मध्यावर! वाढलेला आरडीडब्ल्यू तेवढा खरं सांगतो. सॅच्युरेशनची टक्केवारी काढून छापायला लॅबला एक पैसा लागत नाही, तरी ती रिपोर्टवर नसते.

आता तो छापील सल्ला: ‘आयर्न-फॉलिक अ‍ॅसिडची गोळी सुरू करा.’ बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक अ‍ॅसिड दिलं तर हिमोग्लोबिन सुधारतं आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. शाकाहारी, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि अ‍ॅसिडिटीसाठी रोज पॅन्टोप्राझोल, असं त्रिकूट वृद्धाश्रमात खाटोखाट सापडतं, आणि तिन्हींनी बी-१२ घटतं. आणि लोहच कमी निघालं, तर ते गेलं कुठे, हा पहिला प्रश्न. अ‍ॅस्पिरिन, गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक, मूळव्याध, आतड्यातली गाठ, सगळ्यातून रक्त जातं. ही विचारपूस डॉक्टरांनी केल्याशिवाय गोळी सुरू करणं धोक्याचं. गोळीने शौच काळी होते, ते चालतं. डांबरासारखी चिकट, उग्र वासाची असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात न्यायचं.

मात्राही बेताची पुरते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ऐंशीच्या पुढच्या रुग्णांच्या एका चाचणीत रोज १५, ५० आणि १५० मिलिग्रॅम लोह देऊन पाहिलं. हिमोग्लोबिन तिन्ही गटांत सारखंच वाढलं, आणि पोटाचा त्रास मोठ्या मात्रेत जास्त झाला. आपल्याकडे १०० मिलिग्रॅमची गोळी सर्रास दिली जाते, आणि बद्धकोष्ठ झालं की आजी ती उशीखाली सारतात. एक दिवसाआड घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारावं. चहापासून निदान तासभर आणि कॅल्शियमपासून दोन तास अंतर ठेवावं, थायरॉइडच्या गोळीपासून चार. इंदुरी सकाळी पोह्यांवर लिंबू पिळतात ते लोहाच्या फायद्याचं आणि लगेच येणारा चहा तोट्याचा, म्हणून स्वयंपाकघराने चहाच तासभर मागे न्यावा. दूध-भात आणि साबुदाण्यावर राहणाऱ्या, दात नसलेल्या माणसाला वरणात शिजवून घोटलेली पालेभाजी आणि डाळ जास्त हवी.

मधुमेह असेल तर आणखी एक सावधगिरी: लोह कमी असताना एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) खोटं जास्त येऊ शकतं. त्याच्या भरवशावर साखरेची गोळी वाढवली तर रात्री साखर उतरून माणूस पडतो.

म्हणून पॅकेज घ्यावं, पण क्रिएटिनिन आणि सीआरपी जोडून, आणि वेळेची हमी लेखी घेऊन. लॅब दर तीन महिन्यांनी अख्खं पॅकेज पुन्हा करायला सांगते, त्याची गरज नाही. उपचार सुरू केल्यावर चार आठवड्यांनी नुसती सीबीसी करावी. हिमोग्लोबिन एक ग्रॅमनेही वाढलं नाही तर गोळी पोटात जाते का, रक्त कुठे जातं का आणि मूत्रपिंड कसं आहे, ते पुन्हा बघायचं. वाढलं तर नॉर्मलला पोचल्यावरही साधारण तीन महिने गोळी चालू ठेवायची, आणि ती थांबवण्याआधी एकदा फेरिटिन करायचं.