रोलिंग स्टोन्सचा 'ब्लू अँड लोन्सम' पुन्हा ऐकताना

'हे तर दुसऱ्यांचंच गाणं' ही तक्रार ग्वाल्हेरात चालत नाही. एकच बंदिश पिढ्यान्‌पिढ्या गातात. ऐकणारा बघतो तो भरणा, म्हणजे गाणाऱ्याने ती बंदिश कशी भरली, ते. रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडचा २०१६चा हा अल्बम त्याच कानाने ऐकावा. बारा गाणी, सगळी जुन्या ब्लूजची (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत), स्टोन्सचं स्वतःचं एकही नाही.

डिसेंबर २०१५मध्ये लंडनच्या ब्रिटिश ग्रोव्ह स्टुडिओत स्टोन्स जमले होते नव्या गाण्यांसाठी. हात मोकळे करायला एक ब्लूज वाजवला, तो रंगला, आणि ३ दिवसांत अख्खा अल्बम झाला. ती घाई फायद्याचीच ठरली: घासूनपुसून गुळगुळीत करायला वेळच मिळाला नाही.

गायक मिक जॅगर तेव्हा ७२ वर्षांचा. गळा ठीक आहे, पण बाजी मारतो त्याचा माउथ ऑर्गन. चार गाणी ब्लूज माउथ ऑर्गनवाला लिटल वॉल्टर याच्या रेकॉर्डवरून घेतलीत, म्हणजे तुलना थेट उस्तादाशी. या वादनाची मेख अशी: गाणं ई पट्टीत असेल तर माउथ ऑर्गन ए पट्टीचा घ्यायचा. मग महत्त्वाचे स्वर श्वास आत ओढताना लागतात आणि तिथेच ते वाकवता येतात, जवळजवळ मींडेसारखे. ई पट्टीचाच घेतला तर गोड वाजेल, ब्लूज वाजणार नाही. 'हेट टू सी यू गो' आधी वॉल्टरचं ऐका, मग यांचं. जॅगर नक्कल टाळतो हे लगेच कळेल.

गिटारवादक एरिक क्लॅप्टन पाहुणा म्हणून दोन गाण्यांत आहे. 'एव्हरीबडी नोज अबाउट माय गुड थिंग'मधली त्याची स्लाइड गिटार (तारांवर नळी घसरवत वाजवलेली) झकास. 'आय कान्ट क्विट यू बेबी' मात्र जॅगर ओढूनताणून गातो.

खरा दोष मास्टरिंगमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंगवरच्या शेवटच्या संस्कारात. आवाज इतका दाबून वर चढवलाय की हळू आणि जोरात यांत फरकच उरत नाही. ड्रमर चार्ली वॉट्सच्या झांजा गिटारींखाली चेंगरतात. ग्वाल्हेरच्या बाड्यावरच्या वाहतूक कोंडीत गाडीत लावायला मस्त, पण हेडफोनवर सलग ४२ मिनिटं ऐकलं तर कान शिणतात. व्हॉल्यूम कमी केल्याने दाबलेलं सुटत नाही, तरी ट्रेबल थोडा उतरवला की बोचरेपणा कमी होतो.

'लिटल रेन' तेवढं रात्री ऐका, कूलर बंद करून. त्याच्या घरघरीत ते निम्मंअधिक बुडतं.