मेंटेनन्स कोणी भरला नाही? नॉट इन, नॉट एक्झिस्ट्स की लेफ्ट जॉइन

एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत, "जे आहे ते दाखव" पटकन जमतं, पण "जे नाहीये ते दाखव" म्हटलं की तीन-चार रस्ते समोर येतात आणि नेमका कुठला घ्यायचा ते कळत नाही. मी आमच्या सोसायटीचा हिशोब पोस्टग्रेस या डेटाबेसवर ठेवतो, एक टेबल फ्लॅट्सचं आणि एक पावत्यांचं, आणि दर महिन्याला सेक्रेटरी काकांचा फोन येतो की बाबा रे, कोणाकोणाचं यायचंय तेवढी यादी दे.

सुरुवातीला मी नॉट इन वापरायचो, कारण ते बोलल्यासारखंच वाचलं जातं: ज्या फ्लॅटचा नंबर या महिन्याच्या पावत्यांमध्ये नाही तो आण. तीन महिने नीट चाललं आणि चौथ्या महिन्यात यादी पूर्ण रिकामी, एररसुद्धा नाही, म्हणजे सगळ्यांनी पैसे भरले असंच वाटणार! झालं असं होतं की कोणीतरी एनईएफटी केलं पण त्यात फ्लॅट नंबर टाकलाच नव्हता, मग खजिनदारांनी पावती केली आणि फ्लॅटचा रकाना रिकामा सोडला, म्हणजे डेटाबेसच्या भाषेत नल. आता नॉट इनचा अर्थ काय होतो, तर 304 हा 101 पेक्षा वेगळा आहे आणि 102 पेक्षा वेगळा आहे आणि नलपेक्षाही वेगळा आहे. नलशी तुलना केली की उत्तर हो पण नसतं आणि नाही पण नसतं, "माहीत नाही" असतं, आणि क्वेरीची अट तपासणारा व्हेअर फक्त "हो" वाल्या ओळी ठेवतो. त्यामुळे हजार पावत्यांमध्ये एक नल असला तरी यादी साफ. साध्या इनमध्ये हे होत नाही कारण तिथे एक जुळणी सापडली की काम झालं. आतल्या क्वेरीत इज नॉट नल घातलं की नॉट इनही बरोबर चालतं, पण ते दरवेळी आठवायला लागतं आणि एखाद्या महिन्यात आपण विसरतोच.

म्हणून माझं स्पष्ट मत, नुसती "नाहीये" वाली यादी हवी असेल तर नॉट एक्झिस्ट्स लिहा. अशी एकही पावती नाही जिचा फ्लॅट नंबर हाच आहे आणि महिना हाच आहे, एवढंच ते विचारतं; नल असलेली पावती कशाशीच जुळत नाही म्हणून ती गुपचूप बाजूला राहते. आत सिलेक्ट 1 लिहा नाहीतर सिलेक्ट स्टार, काही फरक पडत नाही.

बरेच जण सांगतात की ही आतली क्वेरी प्रत्येक ओळीला परत चालते म्हणून स्लो पडते, पण एक्सप्लेन (क्वेरी कशी चालेल ते दाखवणारी आज्ञा) लावून बघा ना, पोस्टग्रेस याचा सरळ अँटी जॉइन करतो, म्हणजे दोन्ही टेबलं एकदाच जुळवून न जुळलेल्या ओळी ठेवतो, आणि लेफ्ट जॉइन (पावती नसली तरी फ्लॅटची ओळ ठेवणारी जोडणी) लिहून पावतीच्या फ्लॅट नंबरवर इज नल तपासलं तरी तोच प्लॅन येतो. पोस्टग्रेस 16 पर्यंत तरी नॉट इनला ही सोय नाही, तिथे सबप्लॅन (आतली क्वेरी वेगळी चालवणं) दिसतो आणि आतली यादी वर्क_मेम या सेटिंगने ठरणाऱ्या मेमरीत बसणार नाही असं पोस्टग्रेसला वाटलं की प्रत्येक ओळीला ती यादी पुन्हा चाळली जाते, मग मोठ्या टेबलवर चहा पिऊन आलात तरी क्वेरी चालूच. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये अँटी जॉइन 8.0.17 पासून आलाय. पावत्यांवर फ्लॅट नंबर आणि महिना असा जोड इंडेक्स (पटकन शोधण्यासाठीची सूची) मात्र टाकाच.

लेफ्ट जॉइन कधी, तर कोणी अर्धेच पैसे भरलेत तेही बघायचं असेल तेव्हा. नॉट एक्झिस्ट्सला अर्धी पावती दिसली तरी तो फ्लॅट यादीतून जातो, पण काकांना तर बाकी किती ते हवं असतं. तिथे लेफ्ट जॉइन, फ्लॅटवर ग्रुप बाय आणि रकमेची बेरीज कोअ‍ॅलेसमध्ये, म्हणजे नलच्या जागी शून्य येतं, नाहीतर ज्यांनी काहीच भरलं नाही त्यांची बेरीज शून्य न येता नल येते. दोन गोष्टी सांभाळा. महिन्याची अट जॉइनच्या ऑनमध्ये लिहा, व्हेअरमध्ये लिहिलीत तर पावती नसलेले फ्लॅटच गळून जातात. आणि इज नलने तपासायचं असेल तर पावतीचा फ्लॅट नंबर किंवा आयडी तपासा, शेरा वगैरे रकाना नको, कारण तो पैसे भरलेल्यांचाही रिकामा असू शकतो.

एका यादीतून दुसरी वजा करणारं एक्सेप्टही आहे, नलचा त्रास नाही, पण हातात फक्त फ्लॅट नंबर येतात, नाव-फोनसाठी परत जॉइन करावा लागतो. मायएसक्यूएलमध्ये 8.0.31 च्या आधी ते नव्हतंच.

आणि हो, ज्यांचे पैसे आलेत पण पावतीवर फ्लॅट नंबर नाही ते नॉट एक्झिस्ट्समध्येही थकबाकीदार म्हणूनच दिसणार, म्हणून मी आता फ्लॅट नंबर इज नल असलेल्या पावत्यांची वेगळी यादी त्याच मेसेजमध्ये काकांना पाठवतो, म्हणजे कोणाच्या दारात जायच्या आधी ती एकदा बघितली जाते.