एनबीए टूके: डिफेन्स शिकायचा असेल तर नक्की घ्या

पुण्यात पावसाळा लागला की उघड्या सिमेंटच्या कोर्टवर शेवाळं धरतं, पाय सटकतात, त्यामुळे आमच्या कोथरूडच्या ग्रुपचं बास्केटबॉल जवळजवळ बंदच होतं आणि मग सगळे कुणाच्या तरी घरी पीएस५ वर टूके (एनबीए ह्या अमेरिकन लीगवरचा बास्केटबॉलचा व्हिडिओ गेम) लावून बसतात. ग्राफिक्स, खेळाडूंचे चेहरे वगैरेबद्दल सगळीकडे भरपूर लिहून झालंय, ते सोडून देतो. मला डिफेन्सबद्दल सांगायचंय. फाउल हाताने होतो असं सगळे धरून चालतात पण बहुतेक वेळा तो आधी पायात झालेला असतो, आणि ही गोष्ट हा गेम इतकी स्वच्छ दाखवतो की बास.

म्हणजे बघा, समोरचा गार्ड उजवीकडून कट मारतो, तुम्ही अर्धं पाऊल मागे राहता, त्याचा खांदा तुमच्या पुढे निघून जातो. आता स्क्वेअर (स्टीलचं, म्हणजे बॉल हिसकवायचं बटण) दाबलात तर तुमचा प्लेयर मागून हात घालतो आणि वाजली शिट्टी, रीच-इन. तेच एल२ (डिफेन्सचा पवित्रा घ्यायचं बटण) धरून डाव्या स्टिकने त्याच्या कमरेवर नजर ठेवून सरकत राहिलात तर तो तुमच्या छातीवर येऊन अडतो, त्याला ड्रिबल आवरायला लागतो आणि फाउल वगैरे काही नाही. रिंगजवळ पण तेच. ट्रँगल दाबून ब्लॉकला उडी मारायची आणि शूटरच्या अंगावर पडून दोन फ्री थ्रो द्यायचे, त्यापेक्षा जागेवर राहून उजव्या स्टिकने हात सरळ वर करा. खऱ्या खेळात ह्यालाच व्हर्टिकॅलिटी म्हणतात, तुमच्या डोक्यावरची जागा तुमची, हात पुढे झुकले की हक्क गेला. एनबीएतल्या इंडियाना पेसर्स टीमचा रॉय हिबर्ट २०१३ च्या आसपास ह्याच एका गोष्टीसाठी गाजला होता.

चार्जच्या बाबतीत (म्हणजे आधी जागा धरून धडक अंगावर घ्यायची आणि फाउल बॉलवाल्यावर काढायचा) मात्र गेम कमी पडतो. खऱ्या नियमात बॉलवाल्याकडे तोंड आणि दोन्ही पाय जमिनीवर, एवढं आधी झालं की जागा तुमची. मग पुतळ्यासारखं उभं राहायची पण गरज नाही (हे अजून कित्येकांना पटत नाही!), बाजूला किंवा मागे सरकता येतं, फक्त त्याच्या अंगावर जायचं नाही आणि तो हवेत गेल्यावर मध्ये शिरायचं नाही. गेममध्ये सर्कल धरून चार्ज घेता येतो पण सगळा टायमिंगचा मामला होतो, छातीवर घेतलेली धडक आणि खांद्याला लागलेली धडक ह्यातला फरक अंगाला कळत नाही, त्याला कोर्टच पाहिजे.

अजून एक, नियम एनबीएचे आहेत. तिथे सहाव्या फाउलला बाहेर, आपल्याकडे स्पर्धा फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या) नियमांनी होतात, पाचव्यालाच बाहेर. शिवाय एनबीएत डिफेन्सला पण तीन सेकंदांचा नियम आहे, कुणाला गार्ड न करता पेंटमध्ये (रिंगसमोरच्या रंगवलेल्या चौकोनात) त्यापेक्षा जास्त थांबता येत नाही, त्यामुळे गेम खेळून खेळून तुमच्या सेंटरला पेंटमधून बाहेर निघायची सवय लागते, फिबात तसं काही नाही, बिनधास्त रिंगखाली थांबा, फक्त चार्ज घ्यायचा असेल तर रिंगखालच्या त्या १.२५ मीटर त्रिज्येच्या अर्धवर्तुळाच्या बाहेर.

सेटिंगचं म्हणाल तर क्वार्टर १० मिनिटांचा लावा, फिबाचा तेवढाच असतो, आणि छोट्या क्वार्टरमध्ये कुणी फाउल ट्रबलमध्ये (फाउल साठून बाहेर जायच्या बेतात) येतच नाही, मग जपून खेळायची अक्कल येणार कुठून. स्लायडर्समध्ये रीचिंग फाउलची फ्रीक्वेन्सी वाढवून ठेवा, स्टीलचं बटण बडवत बसणारा लगेच लाइनीवर येतो.

शाळेतल्या पोरांसाठी घेत असाल तर सुरुवातीला स्टीलच्या बटणाला हातच लावू देऊ नका, फक्त एल२ आणि दोन्ही स्टिक. चिडतील, पण खेळू द्या तसंच.