ऑफिसलाही तोच, ट्रॅकलाही तोच: टोयोटा जीआर८६ वर हँकूक आर-एस४ टायर, काही महिन्यांच्या वापरानंतर

रस्त्यावर आणि ट्रॅकवर एकाच सेटवर गाडी चालवायची असेल, तर टायर निवडताना ट्रॅकवरच्या सेशनचं, म्हणजे एका खेपेला सलग चालवायच्या वेळेचं, विसावं मिनिट डोळ्यांसमोर ठेवावं. पहिल्या तीन लॅप्समध्ये भन्नाट पकड देणारे टायर बरेच आहेत. विसाव्या मिनिटाला, रबर तापून निघालेलं असताना, तिसऱ्या लॅपसारखंच वागणारे आणि संध्याकाळी तीन तास हायवेवरून बिनघोर घरी आणणारे थोडे. हँकूकचा व्हेंटस आर-एस४ त्या थोड्यांपैकी आहे. वसंतात बसवला, पूर्ण उन्हाळा वापरला आणि आता पावसाळी महिन्यांसाठी उतरवलाय. कोणी या टायरचा विचार करत असेल तर उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितो.

गाडी टोयोटा जीआर८६, मॅन्युअल. २.४ लिटरचं बॉक्सर इंजिन, २२८ हॉर्सपॉवर, वजन १,३०० किलोच्या आत, ताकद मागच्या चाकांना. राहायला कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात. रोजचा रस्ता म्हणजे ८८० हायवेवरचं ट्रॅफिक, रविवारी सकाळी स्कायलाइन या डोंगरी रस्त्याची वळणं, आणि ट्रॅक म्हणजे मुख्यतः विलोजजवळचं थंडरहिल, जमेल तेव्हा लगुना सेका. गाडी ट्रेलरवर नेत नाही. ज्या टायरवर ट्रॅकवर उतरायचं त्याच टायरवर पहाटे निघायचं, ही अट पहिल्यापासून होती.

अमेरिकेत ही गाडी दोन प्रकारच्या टायरांवर मिळते. साध्या मॉडेलला १७ इंची रिम आणि मिशलिन प्रायमसी, वरच्या मॉडेलला १८ इंची रिम आणि पायलट स्पोर्ट ४. माझं वरचं मॉडेल. पायलट स्पोर्ट ४ रस्त्यासाठी मनापासून आवडणारा टायर आहे, ओल्या रस्त्यावर तर त्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकावा असा. पण तो रस्त्यासाठी बनवलेला आहे. जुलैच्या थंडरहिलमध्ये वीस मिनिटं दामटण्यासाठी त्याचं रबर नाही, आणि त्याच्याकडून ती अपेक्षा ठेवणं बरोबरही नाही. म्हणून कंपनीच्या १८ च्या रिम बाजूला ठेवल्या, १७ बाय ८ च्या वेगळ्या घेतल्या आणि त्यावर २२५/४५ आर१७ मापाचे आर-एस४ चढवले.

मापाचं गणित ज्यांना हवं त्यांच्यासाठी: मूळ २१५/४० आर१८ टायरचा पूर्ण व्यास सुमारे ६२९ मिलिमीटर, २२५/४५ आर१७ चा ६३४. एक टक्क्याहून कमी फरक. त्यामुळे स्पीडोमीटर, गिअरिंग, फेंडरमधली जागा, कशालाच धक्का लागत नाही. साइडवॉल मात्र दीड सेंटिमीटर उंच मिळते. ८८० च्या खड्ड्यांवर आणि ट्रॅकच्या कर्बवर ती दीड सेंटिमीटर रिम वाचवते. शिवाय या वर्गात १७ इंचात निवड भरपूर आहे आणि सेट स्वस्त पडतो.

आता ‘दोनशे ट्रेडवेअर’बद्दल, कारण इथे बऱ्याच जणांची दिशाभूल होते. अमेरिकेत टायरच्या अंगावर ट्रेडवेअरचा, म्हणजे टायर झिजायला किती वेळ घेईल याचा, आकडा छापलेला असतो. त्याची चाचणी टेक्सासमध्ये सॅन अँजेलोजवळ सार्वजनिक रस्त्यांवर होते. सुमारे ६४० किलोमीटरचा फेरा, एकूण ७,२०० मैल, आणि तुलनेला एक प्रमाण टायर, ज्याचा आकडा १००. त्या हिशेबानं २०० चा टायर प्रमाण टायरच्या दुप्पट चालावा. पण चाचणीवरून पुढचा अंदाज बांधून आकडा ठरवते टायर कंपनीच, आणि निघालेल्या आकड्यापेक्षा कमी आकडा छापायची तिला मुभा आहे. शिवाय ही चाचणी साध्या हायवे वेगाची. ट्रॅकवरच्या तापमानाचा तिच्याशी काही संबंध नाही.

मग सगळीकडे २०० च का? कारण हौशी स्पर्धांचे नियम. एससीसीए या अमेरिकी मोटरस्पोर्ट क्लबच्या ऑटोक्रॉसमध्ये (मोकळ्या जागेत शंकू मांडून एकेका गाडीची वेळ मोजायची स्पर्धा) स्ट्रीट वर्गाला किमान २०० ट्रेडवेअरची अट आहे. अट आली की कंपन्यांनी त्या अटीत बसणारे टायर तयार केले, आणि २०० च्या छपराखाली दोन अगदी वेगळ्या जाती राहायला आल्या. ऑटोक्रॉसची धाव साधारण मिनिटभराची. तिथे टायर पहिल्याच वळणाला गरम आणि चिकट हवा. योकोहामा अॅडव्हान ए०५२ ची ख्याती त्यासाठीच आहे. ब्रिजस्टोन आरई-७१आरएस सुद्धा मुख्यतः वेगासाठीच घेतला जातो. दुसरी जात तासन्तास पळणाऱ्या हौशी एंड्युरन्स शर्यतींची. जुन्यापान्या गाड्यांची २४ अवर्स ऑफ लेमन्स नावाची मालिका आहे, तिथे किमान १९० चा नियम आहे. अशा शर्यतींत टायरनं उष्णता सोसत तासामागून तास पळायचं असतं. आर-एस४ या दुसऱ्या जातीचा. दोन्हींवर आकडा २०० च. आकडा बघून टायर घेणाऱ्याला हा फरक दिसतच नाही.

ट्रॅकवर तो कसा वागतो ते सांगतो. पहिला लॅप शांतपणे काढायचा, दुसऱ्यात हळूहळू जोर द्यायचा, तिसऱ्यापासून टायर खुलतो. त्यानंतर त्याचं वागणं इतकं एकसारखं की ब्रेकिंगच्या खुणा सेशनभर हलवाव्या लागत नाहीत. थंडरहिलचं दुसरं वळण म्हणजे एक लांबलचक डावं वळण, जवळजवळ अर्धा गोल. स्टीअरिंग एकाच कोनात धरून, थ्रॉटल थोडा कमी-जास्त करत तिथे बराच वेळ काढायचा असतो. टायर खरा कळतो तो इथे. आर-एस४ मर्यादेजवळ आला की आधी बारीक कुंई-कुंई करतो, मग आवाज जाड होतो, मग पुढची चाकं जरा रुंद जायला लागतात. हे सगळं क्रमाक्रमानं घडतं, थ्रॉटल सोडायला पुरेसा वेळ देऊन. आठवं वळण वेगवान डावं. तिथे चुकीला जागा कमी, आणि तिथे मला हा टायर धीर देतो. एकेका लॅपच्या वेळेत ए०५२ पुढे जाईल यात शंका नाही. पण शिकायला, एकच वळण दहादा सारख्याच ओळीतून घ्यायला, मला हा टायर जास्त मोलाचा वाटतो. गाडीत बदल झाला की माझ्या चालवण्यात झाला, हे तेव्हाच कळतं जेव्हा टायर मधेच स्वभाव बदलत नाही.

हवेचा विषय फार महत्त्वाचा आहे, आणि नवे लोक नेमका तोच सोडून देतात. टायरमधली हवा तापली की दाब वाढतो, आणि किती वाढतो ते शाळेतल्या वायूच्या नियमानं काढता येतं. सकाळी २० अंशाला गेज २९ पीएसआय दाखवतंय. त्यात वातावरणाचा १४.७ मिळवला की झाले ४३.७. आतली हवा ७० अंशांवर गेली की निरपेक्ष तापमान २९३ वरून ३४३ झालं. म्हणजे ४३.७ चे सुमारे ५१.२ होतात. वातावरणाचा दाब वजा केला की गेजवर साडेछत्तीस. कागदावरचं हे उत्तर माझ्या गेजच्या अगदी जवळ येतं. मी सकाळी २९ वर सुरुवात करतो, आणि पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या गाड्या थांबवायच्या जागेत, परत येताच, टायर गरम असतानाच, चारही टायर ३५-३६ वर आणून ठेवतो. उजवी बाजू नेहमी जास्त तापलेली असते. थंडरहिल घड्याळाच्या उलट दिशेनं धावतं, डावी वळणं जास्त, सगळा भार उजवीकडे.

परतीच्या वाटेला लागण्याआधी हवा पुन्हा भरायची. गरम टायर ३६ वर आणून ठेवला तर रात्री गार झाल्यावर तो २८ च्या आसपास उतरतो, आणि तेवढ्या हवेवर आय-५ हायवेवरून तीन तास जायचं नसतं. बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर, चांगला गेज आणि टॉर्क रेंच, या तीन वस्तू माझ्या डिकीत कायम असतात. या गाडीच्या नटांना १२० न्यूटन-मीटर लागतात. दर सेशनआधी तपासतो, कारण एका दुकानातून चाकं बसवून घेतल्यावर एक नट ढिला सापडला होता.

झिजेबद्दल. कारखान्यातून ही गाडी पुढे जवळजवळ शून्य कॅम्बरवर येते, म्हणजे पुढची चाकं वरून आत-बाहेर न झुकता सरळ उभी. वळणात गाडी झुकली की टायरचा बाहेरचा खांदा जमिनीवर घासतो आणि मधला-आतला भाग नुसता सोबत फिरतो. तशाच अलाइनमेंटवर कुठलाही चांगला टायर लावा, खांदा सोलून निघेल, मग दोष टायरच्या माथी. मी पुढे कॅम्बर प्लेट्स घालून उणे अडीच अंशांच्या जवळ ठेवलंय (चाकं वरून आत झुकलेली), टो शून्य, म्हणजे वरून पाहिलं तर चाकं सरळ पुढे रोखलेली. इतक्या कॅम्बरनं रोजच्या चालवण्यात आतली कड खाल्ली जाईल अशी भीती बरेच जण घालतात. आतली कड मुख्यतः टो चुकला की जाते. टो शून्य ठेवल्यावर माझ्या पुढच्या टायरांचं रबर आडवं जवळपास सारखं उतरलंय, उजव्या पुढच्याचा खांदा तेवढा किंचित पुढे. म्हणून उजवं पुढचं आणि उजवं मागचं चाक आपसात बदलत राहतो. खाचांमधल्या १.६ मिलिमीटरच्या खुणेपर्यंत पोचायला अजून बराच वाव आहे. एवढा उन्हाळा काढल्यावर हे बघून मला फार समाधान वाटतं.

रस्त्यावरचं सांगायचं तर आवाज येतो. ही या वर्गातल्या सगळ्याच टायरांची गोष्ट आहे: ट्रेडचे ठोकळे मोठे, रबर जाड, साइडवॉल कडक. कॅलिफोर्नियाच्या सिमेंटच्या हायवेवर लांब खाचा पाडलेल्या असतात, त्यांच्यावर गाडी जराशी इकडेतिकडे ओढली जाते. फोनवर बोलणाऱ्याला वाटतं खिडकी उघडी आहे. मला चालतं. बायकोनं मात्र लॉस एंजलिसच्या प्रवासाला दुसरी गाडी काढायला लावली, आणि तिचं बरोबरच होतं. स्कायलाइनवर सकाळच्या गारव्यात हे टायर थंडच राहतात, ट्रॅकवरची पकड तिथे मिळत नाही आणि शोधूही नये. तापमान ७ अंशांच्या खाली गेलं की उन्हाळी रबर कडक होतंच. गोठण बिंदूखाली असे टायर लावून गाडी हलवूसुद्धा नये, ट्रेडला भेगा जाऊ शकतात. हिवाळ्यात टाहोच्या बर्फात जाणाऱ्यांनी या वर्गाचा विचारही करू नये.

पावसात ओलसर रस्त्यावर, टायर नवा असताना, सावध चालवलं तर निभतं. साचलेलं पाणी ही वेगळी बाब. अशा टायरांत पाणी बाहेर काढणाऱ्या खाचा मुळात कमी, आणि झीज होईल तशा त्या आणखी उथळ होतात. इकडे महिनोन् महिने कोरडे गेल्यावर पहिल्या सरीत रस्त्यावरचं तेल वर येतं. सांताक्रूझकडे उतरणारा हायवे १७ त्या दिवशी नवीन टायरवरसुद्धा अंगावर येतो. म्हणून नोव्हेंबर लागताच मी १८ च्या रिमवरचे पायलट स्पोर्ट ४ परत चढवतो.

पुण्याचे दोन मित्र हाच सेट तिकडे मिळेल का विचारतात. भारतात जून २०२० पासून नव्या टायरांची आयात परवान्याच्या कक्षेत आहे, त्यामुळे असे खास टायर हव्या त्या मापात मिळवणं कठीण. पण निवडीची रीत तीच राहते. कोइमतूरचा कारी ट्रॅक सव्वादोन किलोमीटरच्याही आत, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा, आणि दोन्हीकडे पुण्याहून हजारहून जास्त किलोमीटर गाडी चालवतच जायचं. उष्णता तिथे विलोजहून कमी नाही. त्यांनी पकडीच्या आधी साइडवॉलची मजबुती, लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) आणि ओल्या रस्त्यावरची वागणूक बघावी. टायरवरचे तारखेचे चार आकडेही वाचावेत: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. गोदामात दोन-तीन वर्षं पडलेलं चिकट रबर पूर्ण किमतीला घेऊ नये.

मी पुन्हा हाच घेईन का? हो, याच मापात. ज्यांना वर्षातून एखादाच ट्रॅक डे करायचा आहे त्यांनी मात्र हा खर्च करू नये. त्यांना पायलट स्पोर्ट ४एस किंवा कॉन्टिनेंटलचा एक्स्ट्रीमकॉन्टॅक्ट स्पोर्ट ०२ पुरेसा आहे, सेशन पंधरा मिनिटांत आवरतं घ्यायची तयारी ठेवली की झालं. ज्यांचा जीव ऑटोक्रॉसमध्ये आहे त्यांनी सरळ ए०५२ घ्यावा. आणि आवाज सहन होत नसेल पण ट्रॅक सोडवत नसेल, तर ट्रॅकचे टायर वेगळ्या रिमवर ठेवून सोबत न्यावेत. जीआर८६ ची मागची सीट पाडली की चार चाकं आत बसतात, जॅक आणि हत्यारांसकट. पिटमध्ये चाकं बदलायला अर्धा-पाऊण तास जातो. तेवढ्यासाठी इतर गाड्यांच्या आधी पोचायचं, आणि टारपोलिन अंथरून सामान बाहेर काढायचं.