कॅरोसेल, ट्रेवालं लिफ्ट मशीन की रील टॉवर: कुपवाड-साताऱ्याच्या स्टोअरला काय घ्यावं

सांगलीजवळच्या कुपवाड नाहीतर सातारा एमआयडीसीत पीसीबी (इलेक्ट्रॉनिक बोर्ड) असेंब्लीचं युनिट, बोर्डवर बारीक पार्ट मशीनने बसवणाऱ्या एक-दोन एसएमटी लाईन, स्टोअरमध्ये अँगलचे रॅक आणि निळे डबे, असं असेल तर कधी ना कधी माल साठवायच्या मशीनचा सेल्सवाला येतो आणि जागा किती वाचेल ते दाखवतो. वाचते, खोटं नाही. पण आपल्याकडचं खरं दुखणं बहुतेक वेळा जागेचं नसतंच, लाईन थांबलेली असते आणि स्टोअरवाला अजून १० के रेझिस्टरचं रील (बारीक पार्टची टेप गुंडाळलेली चकती) शोधत असतो. म्हणून तुलना त्याच अंगाने करतोय.

वर्टिकल कॅरोसेल म्हणजे जत्रेतला पाळणा, साखळीला शेल्फ लावलेले, एक पाहिजे असला तरी सगळे फिरतात. कार्डेक्सचं मेगामॅट, हेनेलचं रोटोमॅट ही त्यातली जुनी नावं. यंत्र साधं आहे, शेड बुटकी असली तरी बसतं. पण वजन सगळीकडे सारखं भरावं लागतं, एका बाजूला ट्रान्सफॉर्मर आणि दुसऱ्या बाजूला रिकामे डबे असं चालत नाही, आणि शेल्फमधलं अंतर ठरलेलं असल्यामुळे लहान-मोठा माल मिसळला की वरची हवाच साठवतो आपण. एकाच मापाचा, हलका माल असेल तरच बघा.

ट्रेवालं मशीन म्हणजे व्हीएलएम (वर्टिकल लिफ्ट मॉड्यूल), त्यात कार्डेक्स शटल, हेनेल लीन-लिफ्ट, मोड्युला. पुढे-मागे ट्रेचे दोन उभे कप्पे, मधून लिफ्ट वर-खाली जाते आणि फक्त पाहिजे तोच ट्रे काढून खिडकीत देते. ट्रे आत जाताना मालाची उंची सेन्सर मोजतो आणि तेवढीच जागा देतो, त्यामुळे हीटसिंक, केबल, कनेक्टर, मोठे कपॅसिटर सगळं एकाच मशीनमध्ये नीट बसतं. इथपर्यंत छान.

गडबड रीलची. हिशोब करून बघा, ७ इंची रील म्हणजे साधारण १८० मिमी व्यास, ८ मिमी टेपचं रील उभं ठेवलं तर १५ मिमीच्या आसपास जागा खातं, म्हणजे २ मीटर रुंद आणि ८० सेंमी खोल ट्रेमध्ये पार्टिशन वगैरे धरून सुद्धा चारेकशे रील बसतात. मशीनने ट्रे आणून दिला तरी त्या चारशेतलं एक शोधायचं काम हेल्परच्या डोळ्यांनाच! लेझर पॉइंटर जागा दाखवतो, पण परत ठेवताना माणूस शेजारच्या खाचेत घालतोच. रील टॉवर म्हणजे फक्त रील ठेवायचं कपाट, त्यात हे होत नाही, कारण प्रत्येक रीलला स्वतःचा बारकोड, आतला हात तेच रील बाहेर देतो आणि परत कुठे ठेवायचं ते स्वतः ठरवतो. यामाहा, मायक्रोनिक यांचे टॉवर असे चालतात. दिवसाला पाच-सहा वेळा चेंजओव्हर (लाईनवर बोर्ड बदलणं) असेल, किटिंगमध्ये, म्हणजे एका बोर्डचा सगळा माल काढून लावण्यात, तास जात असतील, तर माझं मत सरळ टॉवर. फक्त त्यात ट्रान्सफॉर्मर जात नाही, ट्यूबमधले आयसी आणि कापलेली टेप बाहेरच राहते, रॅक सुटत नाहीत.

आता ओलाव्याचं. एमएसएल ३ चा (एमएसएल म्हणजे पार्ट ओलाव्याला किती नाजूक त्याची पातळी) आयसी पाकीट फोडल्यावर १६८ तास टिकतो, पण ते ३० डिग्री आणि ६० टक्के आर्द्रतेला, आणि जुलैत साताऱ्याच्या उघड्या शेडमध्ये ६० टक्के कुठून आणणार? रीलवरचा माल नंतर बेक करायचा, म्हणजे गरम करून ओलावा काढायचा म्हटलं तरी प्लॅस्टिकमुळे ४० डिग्रीवरच करावा लागतो, म्हणजे दिवसच्या दिवस गेले. म्हणून मशीन कुठलंही घ्या, कोरड्या हवेचा ऑप्शन विचारा, नाहीतर ५ टक्क्यांखालचं ड्राय कॅबिनेट वेगळं धरा. ट्रे, डबे, मॅट ईएसडीचेच (स्थिर विजेपासून माल वाचवणारे), आणि अर्थिंग मोजून दाखव म्हणा.

सगळ्यात कमी बोललं जातं ते कोब्याबद्दल, म्हणजे खालच्या जमिनीबद्दल. भरलेलं उंच मशीन चार-पाच चौरस मीटरवर कित्येक टन टाकतं, आणि सांगलीकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. लेव्हल हलली की ट्रे अडकायला लागतात. खाली काय भरलंय ते इंजिनिअरला दाखवल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका. गोडाऊन पुराच्या पट्ट्यात असेल (२०१९ ला सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं) तर मी मशीन घेणारच नाही, रॅकवरचे डबे चार माणसं लावून माळ्यावर नेता येतात, मशीनमधला माल एकेक ट्रे मागवून काढायचा, तोही लाईट असेपर्यंत, आणि पुरात आधी लाईटच जाते. तसं एरवीही लाईट गेली की व्हीएलएम आणि टॉवर म्हणजे बंद तिजोरी, जनरेटरवर घ्याच.

सर्व्हिसवाला पुण्याहून येणार असेल तर साताऱ्याला दोन-अडीच तासांत पोचतो, सांगलीला अर्धा दिवस जातो, एएमसी (वर्षाचा देखभालीचा करार) करताना हे लक्षात ठेवा.

एकूण माल निम्म्याहून जास्त थ्रू-होल (पाय बोर्डच्या भोकात घालायचे पार्ट), केबल, पॅनेलचा असेल तर व्हीएलएम. रीलच रील आणि रोज बोर्ड बदलत असेल तर टॉवर. आणि महिनाभर एकच ड्रायव्हर बोर्ड चालवत असाल तर काहीच नको, बारकोड प्रिंटर आणि ड्राय कॅबिनेट घ्या, झालं. डेमोला जाताना त्यांचा नमुना माल बघत बसू नका, आपली मागच्या आठवड्यातली किटिंगची यादी आणि पोतंभर अर्धवट वापरलेली रील घेऊन जा आणि काढून दाखवा म्हणा.