वाघोलीत ‘सॉफ्टनर’च्या नावाखाली ४१,७०० रुपयांना फसवलं

पाण्याचा जडपणा घालवतं म्हणून विकलेल्या ‘सॉफ्टनर’ मशीनपायी एकूण ४१,७०० रुपये गेले. १२,००० ॲडव्हान्स, मशीन बसवलं त्या दिवशी २६,५०० आणि वर्षभराच्या मेंटेनन्सचे म्हणून वर ३,२००. आकडे मुद्दाम लिहिते आहे, कारण ‘थोडक्यात निभावलं’ म्हणणारे फार भेटले.

पुण्याच्या पेठांमध्ये राहणाऱ्यांना हे कळायचं नाही. त्यांच्या नळाला खडकवासल्याचं पाणी येतं. वाघोली २०२१ साली महापालिकेत आली, पण आमची सोसायटी अजून बोअर आणि टँकरवरच आहे, आणि ते पाणी जड, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांनी भरलेलं. गीझरची कॉइल जळते, शॉवरची भोकं बुजतात, बादलीला पांढरा थर बसतो, तूरडाळ चार शिट्ट्या जास्त घेऊनही बोटचेपी होत नाही. लेकीचे केस राठ झालेत. अशा घरात कोणी ‘पाणी मोफत तपासतो’ म्हणत आलं, तर दार उघडलं जाणारच. दोघं होते, गळ्यात ओळखपत्र, ‘कमिटीची परवानगी आहे ताई’ म्हणाले. कमिटीला विचारा, फोन लावून विचारा, त्यांच्यासमोर विचारा. आमच्या कमिटीने कुणालाच परवानगी दिली नव्हती.

पुढचा खेळ बहुतेकांना माहीत असेल. दोन ग्लास, सळ्या बुडवायच्या, वीज सोडायची. बोअरचं पाणी तपकिरी गढूळ, आरओचं स्वच्छ. तो रंग सळीच्या लोखंडाचा असतो, पाण्यातल्या घाणीचा नाही. आरओच्या पाण्यात क्षार कमी, वीज नीट वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ राहतं. त्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगा, तेही गढूळ होतं. सासूबाईंनी ते पाणी पाहिलं आणि घाबरल्या. ‘इतकी वर्षं हे पोटात गेलं?’ म्हणाल्या. तिथेच सौदा ठरला.

पण माझी खरी चीड त्या दिवशीची नाही. मशीन बसवल्यावर त्या दोघांतल्या एकाने टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणारा मीटर काढला. आधी ७८०, नंतर ६४. मला म्हणाला, ‘ताई, तुम्ही सही करा, ग्लास मी आणतो.’ आणि ग्लास घेऊन तो बाथरूमकडे न जाता स्वयंपाकघरात गेला. मशीन बाथरूमच्या लाइनवर, आणि हा पाणी स्वयंपाकघरातून आणतोय! मी पाहिलं. डोळ्यांनी पाहिलं. पण हातात चार पानी फॉर्म, दुसरा माणूस ‘इथे सही, इथे फोन नंबर’ करत डोक्यावर उभा, आणि सासूबाई तो ६४चा आकडा बघून हात जोडतायत. तो आमच्याच आरओचं पाणी घेऊन आला होता. सॉफ्टनरने टीडीएस उतरतच नाही, हे मला कुणी सांगितलं होतं? त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम जातं आणि जागी सोडियम येतं, एकूण क्षार जवळपास तेवढेच राहतात. म्हणजे मीटरवर आकडा असा धाडकन पडला, की समजा खोटं आहे. जडपणा बघायचा तर थेंब टाकायचं किट मिळतं, लालचा निळा रंग होईपर्यंत थेंब मोजायचे. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत जडपणा ठीक, दुसरा स्रोत नसेल तर ६००ची मुभा.

पुढे पुन्हा कॉइल जळली. प्लंबरने ते स्टीलचं नळकांडं उघडलं. आत धुवायच्या कापडासारखी जाळी आणि मूठभर पांढरी खडी. क्षार पकडणारे रेझिनचे मणी नाहीत, ते मिठाच्या पाण्याने धुवायला मीठ भरायची टाकी नाही, धुतल्यावर पाणी सोडायला पाइप नाही. मी विचारलं होतं, ‘यात मीठ घालावं लागत नाही का?’ तर उत्तर मिळालं, ‘नवीन टेक्नॉलॉजी.’ जिथे मीठ लागत नाही, तिथे उठून दार दाखवा.

फोन बंद. बिल म्हणून दिलेल्या कागदावर ‘एस्टिमेट’ लिहिलेलं, जीएसटी नंबर नाही, पत्ता दुसऱ्या शहरातला. पोलीस चौकीत सांगितलं, ही दिवाणी बाब आहे, पैसे तुम्ही स्वतः दिलेत. मग सायबरवाल्यांकडे जा. सायबरवाले म्हणाले, माणूस घरी आला होता ना, मग चौकीत जा. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकला. पाण्याच्या खात्यात गेले तर खासगी बोअरशी त्यांचा संबंध नाही. चौकीत एकाने तर नवऱ्याला आणायला सांगितलं! पैसे माझे, सही माझी, खातं माझं. प्रत्येक टेबलवर तीच कहाणी, आणि प्रत्येक टेबलवर तोच चेहरा, जणू चोरी मीच केली आहे. त्या दोघांनी याच इमारतीत आणखी घरं गाठली, हे सांगूनही कुणी अर्ज लिहून घेतला नाही. मी तो लेखी दिला आणि पोच घेतल्याशिवाय उठले नाही. तुम्हीही तोंडी सांगून परत येऊ नका.

ग्राहक आयोगात वकील लागतोच असं नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि २०१९च्या कायद्याने आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, त्यांचा पत्ता कुठलाही असो. १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. मुदत दोन वर्षांची, ती कुणाच्या ‘बघतो, करतो’मध्ये घालवू नका. माझी तक्रार तयार आहे. वाघोली, केसनंद, लोहगाव भागात ज्यांच्याकडे असं बिनमिठाचं नळकांडं बसलंय, त्यांनी ते काढून भंगारात देऊ नये. तोच पुरावा आहे. उघडताना व्हिडिओ घ्या, पेमेंटचे स्क्रीनशॉट जपा, आणि उरलेले हप्ते असतील तर आजच थांबवा.